ज्याचे वकीलपत्र कोणी घेत नाही

घटस्फोटाच्या दाव्याची मिसल उघडून पाहिली, तर तिच्या शिरोभागी अर्जदार आणि जाबदार अशी दोनच नावे आढळतात. आणि लग्नाची तारीख, लग्नाचे स्थळ, सहजीवनाचा कालावधी, छळाचे प्रसंग, स्त्रीधनाची यादी असे परिच्छेद ओलांडून बरेच पुढे गेल्यावर, 'उभयतांस या विवाहसंबंधापासून एक अपत्य झाले असून ते सध्या अर्जदाराचे ताब्यात आहे' असे एक वाक्य कोठेतरी येते. त्या दाव्याच्या निकालाचा परिणाम ज्याच्या आयुष्यावर सर्वांत दीर्घकाळ राहावयाचा, त्या जिवाचा मिसलीतील प्रवेश बहुधा एवढाच. त्याची कैफियत नाही, त्याची पुरसिस नाही, त्याचे वकीलपत्र कोणी दाखल करीत नाही. ही उणीव भरून काढण्यासाठी गेल्या शतकाच्या उत्तरार्धात न्यायसंस्थेने समाजकार्यकर्त्यास आपल्या दाराशी बोलावले, पुढे आत घेतले, आणि आपल्याकडे तर त्यास कचेरी, शिपाई व नावाची पाटीही दिली. ही व्यवस्था कशी आली, ती कशी चालते आणि कोठे लंगडते, याचा आढावा घेण्याचे येथे योजिले आहे. आमचे मत प्रथमच सांगून टाकतो: समाजकार्यकर्त्याकडून कायद्याने मोडता संसार सांधण्याची अपेक्षा वाजवीपेक्षा फार धरली, आणि जो संसार सांधला जाणार नाही तो मुलांस चिरडल्यावाचून विलग कसा व्हावा, हे जे त्याचे खरे काम, त्याची तरतूद मात्र फार अपुरी ठेवली.

विवाहविच्छेद महाराष्ट्राला अपरिचित होता असे नव्हे. बहुजनसमाजातील अनेक जातींत काडीमोड, फारकत आणि त्यानंतरचा पाट या गोष्टी जातपंचायतीच्या विद्यमाने रूढ होत्या, आणि पोर कोणाकडे राहावयाचे हेही पंच त्याच बैठकीत ठरवून मोकळे होत. ते न्याय्य ठरवीत असे म्हणण्याचे धाडस आम्ही करणार नाही. इंग्रजी न्यायालयाची तऱ्हाही फारशी निराळी नव्हती: नांदण्यास नकार देणाऱ्या रखमाबाईंवर त्यांच्या पतीने १८८४ साली लावलेला दावा १८८८ साली दोन हजार रुपयांच्या तडजोडीने मिटला, आणि मधल्या काळात न्यायालयाने त्यांस नांदावयास जा, नाही तर तुरुंगात जा, असे फर्मावले. तेथून १९५५च्या हिंदु विवाह कायद्यापर्यंतचा प्रवास सर्वविदित आहे. त्या वाटेवर कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांच्या अखेरच्या वर्षांत झालेला काडीमोडाचा कायदा, बडोद्याचा १९३१चा आणि मुंबई प्रांताचा १९४७चा हे टप्पे लागतात. गोव्यात तर पोर्तुगालातील प्रजासत्ताकाने १९१० सालीच घटस्फोटाचा हुकूम काढला होता. १९७६च्या दुरुस्तीने परस्परसंमतीचा मार्ग खुला झाला. परंतु या साऱ्या प्रवासात प्रश्न सुटत गेला तो प्रौढांचा. मुलांसाठी आधार होता तो १८९०च्या पालक व पाल्य अधिनियमाचा. त्याच्या सतराव्या कलमात अज्ञानाचे हित पाहावे आणि समज पुरेशी असल्यास त्याची इच्छाही विचारात घ्यावी, असे लिहिले आहे खरे. पण ती इच्छा कोणी, कोठे बसून आणि कोणत्या शब्दांत विचारावयाची, याविषयी कायदा मूक राहिला. १९५६च्या कायद्याने पाच वर्षांखालील मूल सामान्यतः आईपाशी असावे असे म्हटले. नैसर्गिक पालकत्वाचा पहिला मान मात्र बापाकडेच ठेवला, आणि त्या तरतुदीचा अर्थ सौम्य करण्यास सर्वोच्च न्यायालयास १९९९ साल उजाडावे लागले.

समाजकार्य हा शिक्षण घेऊन करावयाचा व्यवसाय आहे, ही कल्पना आपल्याकडे मुंबईत १९३६ साली रुजली. त्या वर्षी निघालेली सर दोराबजी टाटांच्या नावाची शाळा म्हणजेच आजची टाटा समाजविज्ञान संस्था. मुंबईचे निर्मला निकेतन आणि पुण्याची कर्वे समाजसेवा संस्था मागाहून आल्या. या संस्थांतून शिकून निघालेली माणसे इस्पितळांत, बालसुधारगृहांत, गिरण्यांच्या कल्याण खात्यांत गेली. दिवाणी न्यायालयात त्यांना जागा नव्हती. विधी आयोगाने १९७४च्या आपल्या एकोणसाठाव्या अहवालात, कौटुंबिक तंटे इतर दिवाणी दाव्यांच्या चाकोरीतून चालविणे अनुचित आहे, असा अभिप्राय दिला, आणि त्यानंतर दहा वर्षांनी, स्त्रीसंघटनांच्या आग्रहाचेही पाठबळ लाभून, १९८४चा कौटुंबिक न्यायालय अधिनियम संमत झाला. मुंबईचे कौटुंबिक न्यायालय १९८९ साली सुरू झाले. दहा लाखांहून अधिक वस्तीच्या शहरांत असे न्यायालय असावे, असा त्या कायद्याचा दंडक आहे.

हा कायदा लहानसा असला तरी त्याची धाटणी नवी होती. पाचव्या कलमाने समाजकल्याण संस्थांचे साहाय्य घेण्याची मुभा दिली, सहाव्याने समुपदेशक नेमण्याचे सांगितले, नवव्याने समेटाचा प्रयत्न हे न्यायाधीशाचे कर्तव्यच ठरविले, बाराव्याने वैद्यकीय व कल्याणविषयक तज्ज्ञांचा सल्ला ग्राह्य केला, आणि तेराव्याने तर वकिलामार्फत बाजू मांडण्याचा हक्कच काढून घेतला. या शेवटच्या कलमावर वकीलवर्ग किती रुष्ट झाला हे सांगावयास नको. प्रत्यक्षात न्यायालयाच्या परवानगीने वकील आजही उभे राहतातच. (अशा प्रकरणी सामान्य माणसांस न्यायासनाशेजारी बसविण्याची कल्पना मुंबईला अगदीच नवी नव्हती. पारशी समाजाच्या विवाहविषयक दाव्यांत त्याच समाजातील प्रतिनिधी न्यायाधीशाबरोबर बसण्याची प्रथा १८६५च्या कायद्यापासून चालत आलेली आहे. मात्र ते वस्तुस्थितीचा निर्णय देण्यास बसतात, कोणाचे अश्रू पुसण्यास नव्हे.) महाराष्ट्राचे वैशिष्ट्य असे, की येथे विवाह समुपदेशक हे पद समाजकार्याची पदव्युत्तर पदवी व अनुभव यांची अट घालून, उच्च न्यायालयामार्फत भरले जाणारे पगारी पद झाले. अन्य कित्येक राज्यांत हेच काम दिवसागणिक मानधनावर येणाऱ्या माणसांवर सोपविण्यात आले, आणि आज आलेला समुपदेशक पुढील तारखेस भेटेलच याची शाश्वती तेथे राहिली नाही.

आता या समुपदेशकाच्या खोलीत डोकावू. दावा दाखल होऊन जाबदार हजर झाला, की न्यायाधीश उभयतांस समुपदेशकाकडे पाठवितात. खोली बहुधा लहान. मेजाच्या एका बाजूस बाई, क्वचित गृहस्थ, आणि समोर दोन खुर्च्या, ज्या येणारी माणसे बसण्यापूर्वी हमखास एकमेकींपासून थोड्या दूर सरकवितात. बाहेर बाकावर दोन्हीकडचे नातेवाईक. पहिली बैठक निरनिराळी, दुसरी एकत्र, असा साधारण शिरस्ता. पहिल्या अर्ध्या तासात जे बोलले जाते ते बहुतेक अर्जात लिहिलेलेच असते, वकिलाच्या भाषेतले, कलमांना बेतलेले. त्याखालचे बोलणे वर यावयास वेळ लागतो, आणि अनुभवी समुपदेशकाचे कौशल्य हा वेळ जाऊ देण्यात असते. घरी स्वयंपाक कोण करते, पगार कोणाच्या हाती जातो, शाळेच्या सभेस शेवटचे कोण गेले होते, असल्या किरकोळ प्रश्नांतून तिला जे कळते, ते 'तुमचे नेमके कशावरून बिनसले?' या प्रश्नातून कधीच कळत नाही.

येथे या पदाच्या गाभ्यातील एक अडचण सांगितली पाहिजे, कारण पुढील सारे विवेचन तिच्याभोवती फिरते. समुपदेशकापुढे पक्षकार जे बोलतील ते गोपनीय राहावयाचे, त्याविषयी समुपदेशकास साक्षीस बोलाविता यावयाचे नाही, आणि न्यायाधीशाकडे जावयाची ती समेट झाला की नाही एवढेच सांगणारी टिप्पणी, असा नियम आहे. आणि तो योग्यच आहे, कारण त्यावाचून कोणी तोंड उघडणार नाही. परंतु त्याच समुपदेशकास, मुलाच्या ताब्याचा वाद उपस्थित झाला म्हणजे, घरी जाऊन परिस्थिती पाहण्याचा, शेजारीपाजारी व शाळेत चौकशी करण्याचा आणि त्याविषयी न्यायालयास अहवाल देण्याचा हुकूम होतो. सोमवारी जिने 'येथे बोललेले बाहेर जाणार नाही' असे आश्वासन दिले, तीच व्यक्ती पुढच्या आठवड्यात हातात वही घेऊन दारात उभी राहिली, तर आपण त्या दिवशी काय काय बोलून बसलो, हे आठवून त्या बाईचे किंवा गृहस्थाचे चित्त थाऱ्यावर कसे राहावे? पुष्कळ समुपदेशक ही दोन अंगे विवेकाने वेगळी ठेवतात. पण एकाच व्यक्तीच्या विवेकावर सारी मदार ठेवणे हा नियमकर्त्यांचा आळस आहे. समेटाचे काम एकाकडे आणि मुलाविषयीच्या अहवालाचे दुसऱ्याकडे, एवढी साधी वाटणी सर्वत्र सक्तीची झाली, तरी निम्मा अविश्वास नाहीसा होईल.

गृहभेट हे खरे पाहता समाजकार्याचे अत्यंत मोलाचे साधन. न्यायासनावरून जे कधीही दिसावयाचे नाही ते उंबरठा ओलांडताच दिसते. मुलाच्या दप्तराला घरात ठरलेली जागा आहे काय. ते झोपते कोणाजवळ. आजीच्या बोलण्यात सुनेचा उल्लेख नावाने येतो की 'ती' म्हणून येतो. भिंतीवरून लग्नाचा फोटो काढल्याची खूण तशीच आहे की तेथे दुसरे काही लागले आहे. दोन खोल्यांचे प्रशस्त घर आणि चाळीतील एक खोली यांची तुलना क्षेत्रफळाने करणारा अहवाल हा भूमापकाचा अहवाल, समाजकार्यकर्त्याचा नव्हे. परंतु एका समुपदेशकामागे असलेल्या प्रकरणांचा भार पाहता, गृहभेट पुष्कळदा एकच होते, तीही कळवून, आणि कळविलेल्या दिवशी प्रत्येक घर नीटनेटकेच असते.

मुलाशी बोलणे ही तर स्वतंत्र विद्या आहे. 'तुला आईकडे राहावयाचे की बाबांकडे?' हा प्रश्न न्यायाधीशांनी आपल्या दालनात प्रेमाने विचारला, तरी तो मुलाच्या खांद्यावर न पेलणारे ओझे टाकतो, कारण कोणतेही उत्तर दिले तरी एकाचा विश्वासघात केल्याची भावना त्याच्या मनात घर करते. जाणती समुपदेशक हा प्रश्न विचारीतच नाही. ती कागद व खडू पुढे ठेवते, घराचे चित्र काढावयास सांगते. शाळेत डबा कोण देते, ताप आला तेव्हा उशाशी कोण होते, प्रगतिपुस्तकावर सही कोणाची, गृहपाठ चुकला तर प्रथम कोणास सांगतोस, अशा वाटांनी जाते. पढविलेले मूल ओळखावयासही फार वेळ लागत नाही: आठ वर्षांचा मुलगा 'माझ्या वडिलांनी आईचा मानसिक छळ केला' असे म्हणू लागला, की ते वाक्य कोणाच्या टंकलेखनयंत्रावरून उतरले आहे हे उघड होते. मात्र येथे एक सावधगिरीची सूचना. सर्वोच्च न्यायालयाने २०१७च्या एका निकालात, एका पालकाने दुसऱ्याविषयी मुलाचे मन कलुषित करण्याच्या प्रकाराची दखल घेतल्यापासून, हा आरोप प्रत्येक ताब्याच्या अर्जात सर्रास दिसू लागला आहे. मूल बापाकडे जावयास नकार देते ते आईने पढविले म्हणून, की त्याने स्वतःच्या डोळ्यांनी जे पाहिले त्यामुळे, याचा निवाडा शिकविलेल्या माणसाने सावकाश करावयाचा असतो. तो वकिलाच्या युक्तिवादाने व्हावयाचा नाही.

समेटाविषयी जी टीका आरंभी सूचित केली ती स्त्रीचळवळीने प्रथमपासून केली आहे. १९८४च्या कायद्याच्या प्रस्तावनेतच समेट हे उद्दिष्ट म्हणून लिहिलेले. आणि न्यायाधीश नेमताना विवाहसंस्थेचे रक्षण करण्याची निष्ठा ज्यांच्यापाशी आहे त्यांना प्राधान्य द्यावे, असे चौथे कलम सांगते. ज्या संस्थेत एक पक्ष मार खातो तिचे रक्षण म्हणजे कोणाचे रक्षण, हा फ्लेविया अ‍ॅग्नेस यांच्यासारख्या वकील कार्यकर्त्यांनी वारंवार विचारलेला प्रश्न टाळता येण्याजोगा नाही. ज्या वर्षी हा कायदा झाला, त्याच वर्षी टाटा संस्थेने मुंबईच्या पोलीस आयुक्तालयात स्त्रिया व मुलांसाठी विशेष कक्ष उघडला. तेथील समाजकार्यकर्त्या स्त्रीची सुरक्षितता हा पाया धरून पुढचे बोलत: आधी हिंसा थांबली पाहिजे, नांदण्या-न नांदण्याची गोष्ट नंतर. पुण्याच्या नारी समता मंचाचे आणि विद्या बाळांसारख्या कार्यकर्त्यांचे कामही याच दिशेचे. पोलीस कक्षाचा आणि कौटुंबिक न्यायालयाचा हा दृष्टिभेद दोन्हीकडे जाणाऱ्या स्त्रीस चांगलाच जाणवतो. २००५च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याने संरक्षण अधिकारी हे नवे पद निर्माण केले व मुलाच्या तात्पुरत्या ताब्याचा आदेशही त्यात शक्य झाला; परंतु तो अधिकारी अनेक ठिकाणी दुसऱ्या कामांचा बोजा सांभाळून हे करतो, आणि दोन पदांचा मनुष्य एकाही पदावर पुरता सापडत नाही, हा सरकारी कचेऱ्यांचा जुनाच अनुभव आहे.

परदेशांतील अनुभवाकडे वळावयाचे ते अनुकरणासाठी नव्हे, तर आपल्या समजुती तपासण्यासाठी. इंग्लंडात डेनिंग समितीने १९४७ साली न्यायालयीन कल्याण अधिकाऱ्याची शिफारस केली. १९८९च्या बालकविषयक कायद्याने मुलाच्या हिताच्या कसोट्यांची यादी दिली व तिच्यात पहिले स्थान मुलाच्या इच्छा-भावनांस दिले. आणि २००१ साली या कामासाठी कॅफकॅस ही न्यायालयाहून स्वतंत्र संस्थाच उभी केली. जपानात १९४९ साली स्थापन झालेल्या कौटुंबिक न्यायालयांत मानसशास्त्र व समाजशास्त्र जाणणारे अन्वेषण अधिकारी असतात. अमेरिकेत मात्र विद्वानांतच दीर्घकाळ दुफळी होती. गोल्डस्टाइन, अ‍ॅना फ्रॉइड आणि सॉल्निट या त्रयीने १९७३ साली असे प्रतिपादिले, की मुलास एका 'मानसिक पालका'ची अखंड सोबत हवी, आणि दुसऱ्याने केव्हा व किती भेटावे हेही त्या पालकानेच ठरवावे. कॅलिफोर्नियातील साठ कुटुंबांचा वर्षानुवर्षे पाठपुरावा करणाऱ्या ज्युडिथ वॉलरस्टाइन व जोन केली यांना उलट असे आढळले, की दूर गेलेल्या बापाची ओढ मुलांच्या मनातून जात नाही. वॉलरस्टाइनबाईंचा सूर पुढे फार निराश झाला, आणि मेव्हिस हेदरिंग्टन यांच्या अधिक विस्तृत अभ्यासाने तो बराच सौम्य केला: घटस्फोटित घरांतील बहुसंख्य मुले कालांतराने सावरतात, गंभीर अडचणी उरतात त्या सुमारे पाचात एकास ते चारात एकास, तर अभंग घरांतील दहात एकास. भेद आहे, पण सर्वनाश नाही; आणि मुलास दुखापत होते ती वेगळे होण्याच्या घटनेपेक्षा चालू राहिलेल्या भांडणाने, हा निष्कर्ष आता बहुतेक सर्वांस मान्य आहे.

आमच्या विषयाशी सर्वांत निकट असा प्रयोग रॉबर्ट एमरी यांचा. ताब्याच्या वादातील कुटुंबे त्यांनी चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गटांत वाटली; एकास मध्यस्थी, दुसऱ्यास नेहमीचे न्यायालय. मध्यस्थी चालली ती सरासरी पाचसहा तासच. बारा वर्षांनी पाहिले तेव्हा, मुलापासून वेगळे राहणाऱ्या पालकांपैकी आठवड्यातून निदान एकदा त्यास भेटणारे मध्यस्थीच्या गटात शेकडा २८ आणि न्यायालयाच्या गटात शेकडा ९ होते. गट लहान होते, आणि एका प्रयोगावर इमारत रचू नये हे खरे. पण या मध्यस्थीचा हेतू लग्न वाचविणे हा नव्हताच. लग्न संपले हे गृहीत धरून, मुलाचे आईबाप म्हणून पुढे कसे वागावयाचे एवढाच तिचा विषय होता. आपल्याकडील समुपदेशकास हे पाचसहा तास मिळतात तेव्हा त्यांतील बहुतेक भाग 'पुन्हा विचार करून पाहा' यातच जातो.

भेटीगाठींचा प्रश्न, ज्यास न्यायालयाच्या आवारात सारेच 'अ‍ॅक्सेस' म्हणतात, हा या कामाचा सर्वांत खडतर भाग. मुंबईच्या कौटुंबिक न्यायालयात मुलांसाठी खेळणी व चित्रे असलेला स्वतंत्र कक्ष आहे, आणि ज्या बापाला किंवा आईला अन्यत्र भेटण्याची परवानगी नाही, ती भेट तेथे होते. बाप हातात नवे खेळणे घेऊन वेळेआधी येतो. मूल आईच्या ओढणीमागे उभे राहते, मग खेळण्याच्या खोक्यापर्यंत जाते, आणि बापाशी बोलण्याऐवजी त्या खोक्यावरचे चित्र मोठ्याने वाचू लागते. बाप त्याच्या वाचण्यातील चूक सुधारू पाहतो, आणि कोपऱ्यात बसलेली समुपदेशक मनात म्हणते, आज एवढे पुरे. वेळ संपला की नवाच वाद उभा राहतो: खेळणे घरी न्यावयाचे की नाही. विधी आयोगाने २०१५च्या दोनशे सत्तावन्नाव्या अहवालात संयुक्त ताब्याची संकल्पना कायद्यात आणण्याची शिफारस केली. तिचे स्वागत करतानाही आमच्या मनात शंका येते, की ज्या दांपत्यात मारहाण झालेली आहे तेथे हा संयुक्तपणा बापाच्या हाती आईला छळण्याचे आणखी एक हत्यार ठरणार नाही, हे पाहणारा मनुष्य कोठे आहे? सर्वोच्च न्यायालयाने २०२०च्या एका निकालात, दूरदेशी असलेल्या पालकास दृक्‌श्राव्य माध्यमातून मुलाशी बोलण्याचा संपर्काधिकार असावा असे म्हटले, त्याचा उपयोग पुण्या-मुंबईकडच्या परदेशस्थ कुटुंबांस विशेष होतो. मुलांच्या अपहरणाविषयीच्या १९८०च्या हेग करारात भारत सामील नसल्याने, न्यू जर्सीहून मूल घेऊन माहेरी आलेल्या आईचा दावा येथे पुन्हा पहिल्यापासून चालतो, आणि तेथील कल्याण अधिकाऱ्याचा अहवाल येथे एक कागद होऊन पडतो.

हे सारे झाले मोठ्या शहरांतले. २०११च्या जनगणनेत घटस्फोटितांपेक्षा नुसत्या विभक्त राहणाऱ्यांची संख्या दुपटीहून पुष्कळ अधिक होती; म्हणजे मोडलेल्या संसारांपैकी बहुतेक कोणत्याही हुकूमनाम्यावाचून मोडलेले. संगमनेरच्या समता आंदोलनाने १९८०च्या दशकात परित्यक्तांचा प्रश्न चव्हाट्यावर आणला तेव्हा हीच गोष्ट पुढे आली होती. तालुक्याच्या गावी अशी स्त्री घटस्फोट मागत नाही. ती पोटगी मागते, पूर्वी १२५ कलमाखाली आणि आता नव्या संहितेच्या १४४ कलमाखाली, तेही दंडाधिकाऱ्यासमोर, जेथे समुपदेशक हे पदच नाही. पोटगी थकली म्हणजे वसुलीचा अर्ज, मग वॉरंट, मग चार महिन्यांचे पैसे एकदम, मग पुन्हा थकबाकी. आणि या चक्राचे दात मुलाच्या फीमध्ये, वह्यांमध्ये रुततात. कौटुंबिक न्यायालयाच्या नियमांत, ताबा दिल्यानंतरही समुपदेशकाने त्या मुलावर देखरेख ठेवावी, पूर्वसूचनेवाचून भेट द्यावी आणि परिस्थिती पालटली असल्यास कळवावे, अशी तरतूद आहे. पण निकाल लागलेली मिसल अभिलेख कक्षात गेली, की या तरतुदीची आठवण कोणास होत नाही, आणि तालुक्यात तर तीही लागू नाही. तेथे मूल एका हातातून दुसऱ्या हातात जाते ते एस.टी. स्थानकावर किंवा पोलीस ठाण्याच्या ओट्यावर. १९८७च्या कायद्यान्वये तालुका विधी सेवा समित्या जागोजागी स्थापन झालेल्या आहेत, त्यांना बसावयास न्यायालयाच्या आवारात जागाही असते. त्या जागेत आठवड्यातून दोन दिवस एक समाजकार्याची पदवीधर, पगारी आणि बदलीवाचून किमान तीन वर्षे, बसविण्यास नव्या कायद्याची आवश्यकता नाही. भेट तिच्यासमोर व्हावी, पोटगीची रक्कम आली की नाही याची नोंद तिच्या वहीत असावी, आणि शाळेच्या मुख्याध्यापकांस या मुलाच्या बाबतीत कोणास कळवावयाचे हे तिच्याकडून लेखी मिळालेले असावे.